स्लोला बंद पडते

गोवावेसच्या सिग्नलला पहिल्यांदा.
मग तिसऱ्या गेटला, रेल्वे जाईस्तोवर दोनदा.
पळताना काही नाही, पळताना अगदी गुणाची.
थांबलं की थरथर:
आधी आरशातला माझा चेहरा हलायला लागतो,
मग स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा,
डॅशबोर्डवरची औषधांची बिलं,
मग सगळं एकदम गप्प
आणि मागे हुबळीच्या लॉरीचा हॉर्न.

शहाऐंशीची पद्मिनी. खानापुरातलं माझं मेडिकल,
माल आणायला आठवड्यातून दोनदा बेळगाव.
विकून टाक म्हणणारे पुष्कळ.
एकाने प्लग बदलले.
एकाने पॉईंट घासले, फटीत ब्लेड घालून बघितलं.
तिसऱ्याने पेट्रोलला दोष दिला, सरकारला दिला,
आणि स्लोचा स्क्रू इतका पिळला
की गाडी उभ्या उभ्या ओरडायला लागली.

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या गल्लीत,
बसलिंगप्पा कम्मार.
पाटी कन्नडात, उधारीची वही मराठीत.
त्याने बॉनेट उघडलंच नाही.
'चालूच ठेवा,' म्हणाला,
आणि हात पुसत नुसता उभा.

'चोक ओढा.' ओढला. थरथर थांबली.
'सोडा.' सुरू झाली.
असं तीनदा.
'चोक ओढला म्हणजे काय? वारं कमी, पेट्रोल जास्त.
त्यानं हिला बरं वाटूलालंय,
म्हणजे कुठनं तरी वारं घुसूलालंय की.
न बोलावलेलं.'

मला घाई. साडेपाचला एजन्सीचं शटर पडतं.
'निधान, अक्का, निधान.'
त्याच्या भाषेत निधान म्हणजे सावकाश.
माझ्या भाषेत निदान म्हणजे रोग ओळखणं,
रोज चिठ्ठ्यांवर वाचते मी ते,
डॉक्टरांच्या कोंबडीपायी अक्षरात.
एका ह-काराचा फरक,
तोही त्याच्या तोंडात पानाबरोबर अर्धा विरलेला.

मग त्याने खिळ्यावरची नळी काढली.
सलाईनची. मी ओळखली.
एक टोक कानात, दुसरं फिरवत नेलं
मॅनिफोल्डवरून, डिस्ट्रिब्युटरच्या बारीक पाइपावरून,
कार्बोरेटरच्या बुडाशी थांबला.
ते टोक तिथेच धरून कानातलं मला दिलं.

स्स्स.
हिवाळ्यात बंद दाराखालून येतं तसं.

पोऱ्याने, दस्तगीरने, ब्रशने ऑइल लावलं त्या फटीला.
ऑइल आत गेलं.
इंजिन क्षणभर सावरलं, मग मागे निळा धूर.

'कुणी आवळलं हे?'
मी दस्तगीरकडे पाहिलं. तो रस्त्याकडे.
मीच, म्हटलं.
दिवाळीत पेट्रोल पाझरत होतं,
तेराचा पाना घेतला आणि बंपरला पाय लावून
जेवढा होता तेवढा जोर.

'पाझरलं म्हणून आवळलं. आवळलं म्हणून वाकलं.'
पुढचं बोलला नाही.
काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून
ते वाकलेलं बूड इंग्रजी आठच्या आकड्यात घासत राहिला,
उजेडाकडे धरून बघायचा,
पुन्हा घासायचा.
'मऊ धातू आहे ओ. त्याला सोसतंय तेवढंच.'

पॅकिंग नव्हतं. दस्तगीरने कुंद्याचं रिकामं खोकं
कात्रीने कापलं, ऑइलमध्ये बुडवलं.
'हे गावापर्यंत. खरं पॅकिंग शुक्रवारी.'
पैसे सांगताना तो पुन्हा कन्नडात गेला,
आकडा मला बरोबर कळला.

एजन्सी बंद झाली होती.

तिसरं गेट पडलेलं. लोंढ्याकडची मालगाडी,
डबे मोजणं मी पंचविसाला सोडून दिलं.
पाय रेसवरून उचलला, पण अधांतरीच ठेवला,
पुन्हा टेकवावा लागला तर असावा म्हणून.
आरशात माझा चेहरा, न हलणारा,
कपाळावर काळा ओघळ, कधी लागला कोण जाणे.
केबिनमध्ये तुपाचा, खव्याचा, किंचित जळका वास.

चाळीस-पन्नास ठोक्यांमागे एखादा
अजून चुकतो.
ते त्याला ऐकू आलं नसेल असं नाही.
मी विचारलं नाही.